चुंबकाच्या अंगठीची वर्गणी बंद, पण मदत हवीच आहे

मंडळी नमस्कार. आपल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर मागे एक व्हिडिओ फिरला होता, परदेशात गुदद्वाराभोवती चुंबकाच्या मण्यांची अंगठी बसवतात आणि संडासवरचा कंट्रोल परत येतो म्हणून. तो बघून मिरजेतल्या आपल्याच एका ताईंसाठी वर्गणी सुरू झाली आणि दोन दिवसांत 14,000 जमलेसुद्धा. ती वर्गणी आम्ही थांबवलीय. का ते सांगते, आणि मग त्याच तोंडाने परत पैसे मागणार आहे, तेव्हा पूर्ण वाचा.

ताईंचं नाव लिहीत नाही, ज्यांना माहितीये त्यांनीही ग्रुपवर लिहू नका प्लीज. पहिलं बाळंतपण अडलं होतं, बाळ चिमट्याने काढलं, अंग पार मागपर्यंत फाटलं, वरून टाके घातले पण आतला स्नायू फाटलाय हे तेव्हा कुणाच्या लक्षातच आलं नाही. तरुणपणी निभावलं, पन्नाशीनंतर स्नायू आणखी सैल पडला आणि आता कळ आली की दोन मिनिटंसुद्धा धरवत नाही, कपड्यातच होतं. हळदीकुंकू सोडलं, वारी सोडली, लेकीच्या लग्नात अक्षता पडेपर्यंत पाण्याचा घोट घेतला नाही. नवऱ्याला इतकी वर्षं "पोट बिघडलंय" एवढंच माहीत. आणि अशा त्या एकट्या नाहीत हो, हे लिहायला घेतलं तर आणखी तिघी हळूच बोलल्या, त्यातल्या एकीला डायबेटिसमुळे आहे.

आता अंगठीचं. आम्ही दोघीतिघी डॉक्टरांना भेटून नीट विचारून आलो. टायटॅनियमचे मणी, आत चुंबक, असा ब्रेसलेटसारखा सर असतो, जोर केला की मणी एकमेकांपासून लांब सरकतात आणि नंतर आपोआप चिकटतात, कल्पना भारीच आहे. अमेरिकेत 2015 साली तिला मर्यादित परवानगी मिळाली होती. ब्रिटनमध्ये 18 हॉस्पिटलांत 99 पेशंट घेऊन मज्जातंतूच्या मशीनशी (संडास धरून ठेवणाऱ्या मज्जातंतूंना विजेचे हलके झटके देणारं बॅटरीचं यंत्र) तिची तुलना चालू होती, तेवढ्यात कंपनीनेच ती बाजारातून काढून घेतली, आणि जेवढ्यांचे निकाल आले त्यात दोन्हीकडे चांगला फायदा झालेले पेशंट थोडेच निघाले. म्हणजे आपण ज्याच्यासाठी डबा फिरवत होतो ती वस्तू आता मिळतच नाही. त्याच्याही आधी पाण्याचा पट्टा आणि पंप असलेला कृत्रिम स्नायू आला होता, त्याच्या एका मोठ्या अभ्यासात 112 जणांपैकी 41 जणांचा पुढे काढून टाकावा लागला. मी घाबरवत नाहीये, पण व्हिडिओत हे कुणी सांगत नाही.

अजून एक, हे सगळ्यांनीच लक्षात ठेवा. कुणी म्हणालं की नवीन इम्प्लांटची (अंगात बसवायच्या यंत्राची) ट्रायल आहे, इतके लाख भरा आणि नंबर लावा, तर सरळ उठून या. आपल्याकडे ट्रायल आधी सीटीआरआयवर, म्हणजे ट्रायलींच्या सरकारी नोंदवहीत, नोंदवावी लागते, एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, पेशंटला कळेल त्या भाषेत लेखी संमती घ्यावी लागते, ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई ट्रायल करणाऱ्यांच्या अंगावर असते, आणि पेशंट मधेच केव्हाही नाही म्हणू शकतो. जे अजून सिद्ध व्हायचंय ते अंगावर करून घ्यायला आपणच पैसे मोजायचे, हे काही पटत नाही.

ताईंचं सध्या असं ठरलंय की पुण्याला आधी स्नायूचा प्रेशर बघायची तपासणी आणि आतून सोनोग्राफी होईल, आणि मग मज्जातंतूच्या मशीनची टेस्ट. ही पद्धत 1995 पासून माहितीतली आहे. माकडहाडाच्या वर एक बारीक तार घालतात, तिला जोडलेली छोटी डबी कमरेला बाहेर असते, दोन आठवडे वगैरे तसंच राहायचं आणि रोज वहीत लिहायचं, किती वेळा कपड्यात झालं, किती पॅड लागले. तार घालण्याआधीच्या वहीपेक्षा निम्म्यावर आलं तरच कायमची बॅटरी बसवतात, नाहीतर तार काढून घरी. सगळा निर्णय त्या वहीवर आहे बघा, आणि ताईंना लिहिता येत नाही! म्हणून पहिली मदत पैशाची नाहीच, टेस्टच्या आधी दोन आठवडे आणि तार असतानाचे दोन आठवडे रोज संध्याकाळी त्यांच्याकडे बसून वही भरणारी कुणीतरी हवी, तोंड बंद ठेवणारी.

पैसे कशाला ते सांगते. एसटीत संडास नाही, त्यामुळे एसटी बादच, कोयना एक्सप्रेसचं रिझर्व्हेशन करून जायचं, डब्यात दाराजवळची सीट मिळाली तर देव पावला. अशा चार खेपा, सोबत एक बाई, तिचा रोज बुडतो तो द्यायचा, पुण्यात राहणं, शिवाय मोठ्यांचे डायपर, रबरी शीट आणि कातडी सोलवटते त्यावरचं मलम. तपासण्या आणि टेस्टच्या तारेचा खर्च त्यांचा मुलगा करतोय. आमचा अंदाज 40,000 चा आहे, 14,000 हातात आहेत, म्हणजे 26,000 कमी पडतायत. ज्यांनी अंगठीसाठी म्हणून दिले होते त्यांना परत हवे असतील तर खुशाल मागा, वाईट वाटून घेणार नाही. कायमच्या मशीनची किंमत लाखांत आहे, त्याच्या नावाने आत्ता एक रुपयाही घेणार नाही, वही काय म्हणते ते आधी बघू. काही उरलंच तर त्या तिघींच्या तपासणीला जाईल, हिशोब मंडळाच्या फळ्यावर लावू, नावं न घालता.

पैसे खजिनदार काकूंकडेच द्या आणि पावती घ्या, दुसऱ्या कुणाच्या नंबरवर पाठवू नका. डायपर आणणार असाल तर लार्ज साईज आणा, आणि पिशवी काळी असू द्या, मागच्या वेळी एकीने दुकानाच्या पारदर्शक पिशवीतून आणले आणि ताई दाराबाहेरच आल्या नाहीत.