वाईच्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

त्या संध्याकाळी पसरणी घाटात माझी बंद पडलेली गाडी तुम्ही सुरू करून दिलीत, पण तुमचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून हे पत्र असं उघड लिहितोय. वाईत लुनावरून फिरणारे, पूर्वी मुंबईत टॅक्सींची कामं केलेले मिस्त्री कुणाच्या ओळखीचे असतील, तर त्यांना एवढं वाचून दाखवा.

आण्णांची प्रीमियर पद्मिनी गाडी १९८६ ची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. ९ वर्षं शेडमध्ये उभी होती. टाकी धुतली, कार्बोरेटर उघडला, ब्रेकचे रबर बदलले, आरटीओत तपासणी करून ५ वर्षांसाठी आरसी वाढवून घेतली, पर्यावरण कर भरला. खर्च झाला, पण ते सगळं सरळ काम होतं. रडवलं ते करंटने. सुरुवातीला ठिणगीच नव्हती. करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पॉइंटवर थर चढला होता. मी मग पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कॅप, प्लग असं सगळंच नवीन बसवलं आणि गाडी पहिल्या स्टार्टरला सुरू झाली. पण २० मिनिटं चालली की बंद. थंड झाली की पुन्हा सुरू.

जो तो म्हणायचा, पेट्रोलची वाफ होतेय. मी इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं गुंडाळून फिरायचो. शेवटी पंपही बदलला. काही उपयोग झाला नाही.

तुम्ही बॉनेटला हात लावण्याआधी एकच विचारलंत, "बंद पडायच्या आधी सायलेन्सरमधून फटफट होतं का?" होत होतं. प्रत्येक वेळी. मी ते ऐकलं होतं, पण त्याचा विचारच केला नव्हता. "मग पेट्रोल सोड, करंट बघ."

ठिणगीला जोर देणाऱ्या कॉइलची मधली वायर डेल्कोतून, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या भागातून, काढून तुम्ही ब्लॉकजवळ धरलीत आणि मला स्टार्टर मारायला लावलात. कडक निळी ठिणगी पडायला हवी, तिथे पिवळट, बारीक धागा. मग कॅप काढून स्क्रू ड्रायव्हरने पॉइंट उघडून दाखवलेत. अंधार पडत आला होता, त्यामुळे पॉइंटमध्ये उडणारा तो मोठा पांढरा लखलखाट स्पष्ट दिसला. २०० किलोमीटरसुद्धा न चाललेले पॉइंट जळून काळे पडले होते.

"पॉइंट उघडतात तेव्हा करंटला जायला जागा लागते. ती जागा म्हणजे कंडेन्सर. तो गरम होऊन मेला की करंट पॉइंटवरच जळतो, कॉइलला जोर मिळत नाही."

मी म्हणालो, "पण काका, कंडेन्सर नवीन आहे."

"मग तोच."

घरी येऊन मी हिशेब केला. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्या घेतं, तेव्हा ते पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतात. कंडेन्सरच्या त्या बोटाच्या पेराएवढ्या डबीवर किती भार असतो, हे मला तोवर कळलंच नव्हतं.

लुनाच्या डिकीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला जुना कंडेन्सर तुम्ही काढलात. भंगारात गेलेल्या एका टॅक्सीचा, म्हणालात. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाली. तिच्या भावंडांपैकी एकीचा तुकडा तुम्ही माझ्या हातात दिलात. स्क्रू मात्र मलाच पिळायला लावलात, पॉइंटही मलाच घासायला लावलेत. बॅटरी उजेडासाठी धरून तुम्ही अर्धा तास उभे राहिलात. पैसे घेतले नाहीत. "आधी घाट चढ," म्हणालात आणि उतारावरून निघून गेलात.

पाचगणीपर्यंत गाडी एकदाही थांबली नाही, काका. आज दोन महिने झाले, तोच कंडेन्सर आहे. माझा मूळचा जुना, जो मी काढून डब्यात टाकला होता, तो पुसून डॅशबोर्डच्या खणात ठेवलाय.

येत्या रविवारी सकाळी आम्ही वाईला येतोय. गणपती घाटाजवळ फिकट निळी पद्मिनी उभी असेल. आण्णा स्वतः चालवणार आहेत, आणि पुढची सीट सलग आहे, तिघं आरामात बसतात. मधली जागा माझी. खिडकीची तुमची.

तुमचा,
घाटातला पद्मिनीवाला