योगा म्हणजे कुठला योगा, ते आधी सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२१ जूनचा योग दिन झाला की आमच्या गावच्या (गुहागर तालुका) देवळाच्या सभामंडपात महिनाभर योगाचा वर्ग चालतो, फुकट असतो आणि बायका चांगल्या संख्येने येतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण गेल्या वर्षी जे बघितलं ते मनातून जात नाही म्हणून लिहितेय. जुलै म्हणजे ऐन लावणीचे दिवस, शेजारच्या काकी सकाळी वर्ग करून मग चिखलात उतरायच्या. दिवसभर वाकून तरवा लावणारी ती कंबर, आणि वर्गात पश्चिमोत्तानासन (पाय पसरून बसून पुढे वाकायचं) चालू असताना शिक्षकांनी वरून पाठ दाबली, अजून थोडं, अजून थोडं करत. काकी तेव्हा काहीच बोलल्या नाहीत. संध्याकाळी बघते तर पडवीत कमरेला फडकं बांधून बसलेल्या, म्हणाल्या, "माझ्याच्यान योगा व्हायचा नाय गो." दुसऱ्या दिवसापासून त्यांचं वर्गाला येणं बंद.

मला ते फार लागलं. काकींना योग जमत नाही हे खोटं आहे, त्यांना जे दिलं ते त्यांच्यासाठी नव्हतं एवढंच.

मी मुंबईला नोकरीत होते तेव्हा अय्यंगार पद्धत शिकले. त्यात पट्टा, लाकडी ठोकळे, लोड, खुर्ची, भिंत सगळ्याचा आधार घेतात, एकेका आसनात बराच वेळ थांबतात आणि पाय कुठे, खांदा कुठे हे नीट बघतात. म्हैसूरला योगगुरू कृष्णमाचार्यांकडे बी.के.एस. अय्यंगार शिकले तसेच पट्टाभी जोईसही शिकले, आणि जोईसांची अष्टांग विन्यास पद्धत बघा, ठरलेल्या क्रमाने श्वासाबरोबर एकातून दुसऱ्या आसनात जायचं, घाम निघतो. गुरू एकच पण दोन रस्ते किती वेगळे! तरण्या पोरापोरींना दुसरा आवडतो, आवडू दे की. कुठे ४० डिग्रीच्या गरम खोलीत करतात म्हणे, आपल्या दमट हवेत मला तरी त्याची काही गरज वाटत नाही. आणि लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढलं ते तर आसन-प्राणायामाने शरीरात नक्की काय होतं हे प्रयोग करून तपासायला. आमच्या वर्गात मात्र या सगळ्याला एकच शब्द, 'योगा', आणि तो झपाट्याचा.

पतंजलींची सूत्रं जेमतेम दोनशे, त्यात आसनावर फक्त तीन, आणि त्यातलं पहिलं 'स्थिरसुखमासनम्', म्हणजे जिथे स्थिर आणि सुखाने बसता येतं ते आसन. यम, नियम, प्राणायाम, ध्यान हे सगळं धरून आठ अंगं, आसन त्यातलं एक. गीतेत तर समत्वालाच योग म्हटलंय. आपण बोलताना सुद्धा 'भेटीचा योग आला' म्हणतो ना, म्हणजे जुळून आलं. मग दुखऱ्या कमरेवर कोणीतरी भार देतंय आणि बाई दात आवळून बसलीय, त्यात स्थिर काय आणि सुख काय, आणि जुळलं तरी काय?

लावणीच्या दिवसात पुढे वाकण्याऐवजी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून पाठ सरळ लांब करणं, हलकं भुजंगासन (पालथं पडून छाती थोडी उचलणं), भिंतीला पाय वर लावून पडणं, शेवटी दहा मिनिटं शवासन, एवढं दिलं असतं तरी काकी आल्या असत्या. मी नंतर घरी त्यांच्याबरोबर हेच केलं, चार दिवसांनी स्वतःहून विचारायला आल्या, "आज कधी बसायचा?"

म्हणून वर्ग घेणाऱ्यांना हात जोडून विनंती, बोर्डावर नुसतं 'योग वर्ग' लिहू नका, कुठली पद्धत, कुठल्या वयाला झेपेल ते लिहा, पहिल्या दिवशी प्रत्येकीला गुडघा, कंबर, बीपीचं विचारा, आणि न विचारता कोणाच्या पाठीला हात लावू नका. आपल्या पेपरनेही जूनमध्ये फोटोंबरोबर या पद्धतींची साध्या भाषेत माहिती छापावी. आमच्या सभामंडपात खुर्च्या नसतील तर माझ्या घरच्या चार आहेत, मी आणून ठेवीन.

आपली,
एक वाचक, ता. गुहागर