देव काय फक्त कोल्हापुरातच राहतोय का, आई?

ती. आई आणि ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर नीट बोलणं होत नाही, मधेच दादाची पोरं दंगा करतात नाहीतर आईचा गळा भरून येतो आणि मग विषय गोळ्यांवर जातो, म्हणून लिहितेय. दादाला प्रिंट काढून द्यायला सांगितलंय, अक्षर मोठं ठेवलंय, बाबांनी मोठ्यानं वाचून दाखवायचं.

आई, तू परवा म्हणालीस की पुण्यात सगळं हाय पण देव नाही, शुक्रवार कधी आला कधी गेला कळत नाही, एवढ्या वरच्या मजल्यावर तुळस पण धरत नाही, आणि देवाला कोल्हापुरात सोडून आल्यासारखं वाटतंय. ते माझ्या डोक्यातनं जाईना. कारण मला देव जो काही थोडाफार कळलाय तो देवळात कमी आणि तुमच्या दोघांच्या मागं मागं फिरून जास्त कळलाय.

बाबा, तुमच्याकडं गगनबावड्याची गाडी होती तेव्हा सुट्टीत मी तुमच्याबरोबर यायची, आठवतंय ना? आधी स्टेअरिंगला हात लावून कपाळाला, मग हळू आवाजात चांगभलं, आणि मग गाडी चालू. एकदा पुढं वैभववाडीपर्यंत गेलो होतो, करूळ घाटात पावसाळ्यातलं धुकं इतकं की काचेच्या पुढचं काही दिसेना, तुम्ही प्रत्येक वळणाला हॉर्न देत होता आणि ओठ हलत होते. मी विचारलं काय म्हणताय, तर म्हणाला, "मागं माणसं झोपल्यात, कुणीतरी जागं पायजे, मी एकटा पुरणार नाही." मला तेव्हा भीती वाटायची थांबली, एवढंच आठवतंय. पण आज कुणी मला विचारलं की देव सोबत असतो म्हणजे नक्की काय, तर मी तो घाटच सांगेन, दुसरं काही सुचणार नाही.

आणि आई, तुझं तर सगळं घरच तसं होतं. सकाळी उठून जमिनीला पाय लावायच्या आधी अंबाबाईचं नाव, पहिली भाकरी गायीची, दिवेलागणीला दारात कुणी झोपायचं नाही, कुणी भांडायचं नाही. मला लहानपणी ते नुसते नियम वाटायचे. आता पतसंस्थेत काउंटरला बसून बसून कळतंय की ते देवाला घरात जागा करून देणं होतं, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, म्हणजे मधल्या धांदलीत विसर पडला तरी परत आठवण व्हायला ठरलेली वेळ आहे.

माझ्या काउंटरला एक भाजीवाली मावशी येतात, कपिलतीर्थ मार्केटात बसतात, पिग्मी भरतात रोज. पैसे मोजून झाले की द्यायच्या आधी डोळ्याला लावतात. रोज. शंभर असू देत नाहीतर पन्नास. मार्केटात त्यांची भवानी होते तेव्हा पण तसंच, पहिल्या गिऱ्हाइकाचे पैसे आधी तराजूला मग कपाळाला. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या आज बी दिलं की त्यानं. एवढंच. मी त्या दिवशी कम्प्युटर स्लो चाललाय म्हणून सकाळपासून चिडलेली होते आणि ह्या बाईनं माझ्या हातात पन्नास रुपये असे दिले जसा प्रसाद देतात.

मला वाटतं देव दिसायला काही वेगळं घडावं लागत नाही, आपली नजर तेवढी तिकडं जावी लागते. किरणोत्सवाचंच बघा. अंबाबाई पश्चिमेला तोंड करून बसलीय, सूर्य रोज पश्चिमेलाच मावळतो, पण नोव्हेंबरात 9, 10, 11 आणि पुढं 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी, हे तेवढे दिवस मावळतीची किरणं महाद्वारातनं, गरुड मंडपातनं, पितळी उंबरा ओलांडून थेट गाभाऱ्यात येतात, आधी पायावर, मग वर, आणि जमून आलं तर चेहऱ्यावर. सगळं गाव बघायला जातं. कधी ढग आडवे येतात, कधी धूळ, कधी मधलं बांधकाम, एखाद्या वर्षी किरणं गुडघ्यापर्यंत येऊन विरून जातात आणि लोक हळहळत घरी जातात. पण देवी काय तेवढेच दिवस असते का? माझे तर बरेचसे दिवस गुडघ्यापर्यंतच्या किरणांचे असतात, आई, पूर्ण चेहरा उजळला असं क्वचित होतं. तरी मी रोज बघते, कारण बघितलं नाही तर तेवढं पण दिसणार नाही.

2019 च्या ऑगस्टमधला पूर आठवतोय का? पंचगंगेची धोका पातळी 43 फूट आणि पाणी गेलं 55 फुटांच्या वर, शुक्रवार पेठेत मावशीच्या घरात पाणी शिरलं आणि तालमीच्या पोरांनी आजीला खुर्चीसकट उचलून बाहेर काढलं. तू म्हणालीस देव आला, बाबा म्हणाले देव कुठला, पोरं आली, त्यांचं नाव घे. तुम्ही दोघं त्यावरनं दोन दिवस वाद घालत होता. बाबा, पोरांचं नाव घ्यायलाच पाहिजे, त्यांचे आईबाप पण पुरातच होते. पण मी आईच्या बाजूची आहे, कारण त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

आणि नरसोबाच्या वाडीला काय होतं पुरात? नदी वाढत वाढत मंदिरात येते, पादुकांवरनं पाणी वाहत दक्षिण दारानं बाहेर पडतं, लोक त्या पाण्यात स्नान करायला गर्दी करतात, दक्षिणद्वार सोहळा म्हणून. मग पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती वरच्या मंदिरात हलवतात आणि नित्याची पूजा तिथं चालू राहते, खंड पडत नाही. महाराज स्वतः जागा बदलतात, आई. मग बाबांच्या गुडघ्यासाठी तू पुण्याला गेलीस तर तुझा देव मागं कसा राहील?

दादा सांगत होता, बाबा सकाळी गॅलरीत उभं राहून दक्षिणेकडं तोंड करून हात जोडतात. इथं गच्चीवरनं जोतिबाचा डोंगर दिसायचा तसं तिथं काही दिसत नसणार, समोर नुसत्या बिल्डिंगा. ऐकून बरं वाटलं मला. आई, तू पण उभी राहत जा ना त्यांच्याबरोबर.

तुमच्या घराची किल्ली माझ्याकडंच आहे. मी एक दिवसाआड जाऊन तुळशीला पाणी घालते, देवघरात दिवा लावते, पुसून घेते. पाण्याचं बिल भरलंय. शेजारच्या काकू रोज विचारतात कधी येणार म्हणून.

येत्या शुक्रवारी रात्री पालखीला जाणार आहे, कुंकू आणि थोडा कांदा-लसूण मसाला पिशवीत घालून दादाच्या मित्राबरोबर पाठवते, तो रविवारी निघतोय. आईनं मसाला जपून वापरायचा, बीपी आहे. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम बाबांनी टाळायचे नाहीत. आणि रात्रीच्या फोनवर नुसतं बीपी किती आणि जेवलो का एवढंच सांगायचं नाही, दिवसभरात देव कुठं भेटला ते पण सांगायचं, दोघांनी वेगवेगळं, मी पण माझं सांगीन.

तुमची,
धाकटी