मासळीच्या होडीत मासळीचे खवले 'बाहेरचा पदार्थ' कसे? : बिल्ज पंपाची वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

दि. 10 नोव्हेंबर 2025
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : स्वयंचलित बिल्ज पंप संच (होडीच्या बुडात साचलेले पाणी बाहेर काढणारा; 12 व्होल्ट, ताशी 2000 गॅलन) बसवल्यानंतर होडीत पाणी भरून झालेले नुकसान, आणि आपले 3 नोव्हेंबरचे उत्तर

महोदय,

आपले उत्तर मिळाले. पंपही परत मिळाला आणि त्यासोबत प्लास्टिकची एक छोटी पिशवी मिळाली. तिच्यात चिमूटभर खवले, नायलॉनचा वीतभर धागा आणि काळा गाळ आहे. पिशवीवर आपल्या तंत्रज्ञाने 'फॉरेन मॅटर', म्हणजे बाहेरचा पदार्थ, असे लिहिले आहे. फ्लोट स्विचमध्ये, म्हणजे पाणी चढले की तरंगून पंप आपोआप चालू करणाऱ्या स्विचमध्ये, हा पदार्थ अडकला, हा ग्राहकाचा निष्काळजीपणा आहे, सबब वॉरंटी लागू नाही, असे आपले म्हणणे.

ते खवले तारलीचे आहेत. तारलीला हात लावला तरी खवले गळतात. जाळे झाडताना ते फळीवर पडतात, फळी धुताना फटींतून खाली जातात आणि शेवटी होडीच्या बुडात पोहोचतात. धागा आमच्या जाळ्याचा आहे. गाळात डिझेल, ग्रीस आणि वाळू आहे. आपल्या खोक्यावर मासेमारी होडीचे रंगीत चित्र आहे, आणि खाली मराठीत 'मच्छीमार बांधवांसाठी खास' असे छापले आहे. मासळीच्या होडीच्या बुडात मासळीचे खवले बाहेरचे कसे ठरतात, ते मला समजलेले नाही. बाहेरची वस्तू म्हणायचीच तर तिथे आपला पंप होता.

झाले ते पुन्हा क्रमाने लिहितो, कारण 20 ऑक्टोबरचे माझे पत्र कोणी पूर्ण वाचल्याचे आपल्या उत्तरावरून दिसत नाही.

आमची होडी 36 फुटी आहे. लाकडी बांधणी, वरून फायबरचा लेप. पावसाळी बंदी 31 जुलैला संपली आणि हंगाम सुरू झाला. 22 ऑगस्टला आपल्याच अधिकृत फिटरने हा संच बसवला. संचाचे 11,500 आणि बसवण्याचे 2,500 रुपये दिले. 17 ऑक्टोबरला संध्याकाळी मासळी उतरवून होडी बंदरात नांगरली. पहाटे पुन्हा निघायचे होते, म्हणून टनभर बर्फ आणि डिझेल रात्रीच भरून ठेवले. बॅटरी उतरू नये म्हणून तांडेलांनी (होडी चालवणाऱ्या प्रमुखांनी) नेहमीप्रमाणे मेन स्विच बंद केला. दहाच्या सुमारास सगळे किनाऱ्यावर आले. एक खलाशी होडीवर नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, झोपला.

साडेतीनला त्याला जाग आली ती होडीच्या हलण्याने. पाण्यावरची होडी एका बाजूला कलली की झटक्यात सावरते. ही सावकाश कलत होती आणि तितक्याच सावकाश परत येत होती, पोटुशी म्हैस कूस बदलते तशी. पोरगा नवखा असता तर पुन्हा झोपला असता. हा उठून इंजिनाच्या खणात उतरला, तर पाणी गुडघ्यापर्यंत. त्याने मेन स्विच चालू केला. पंप गप्प, कारण फ्लोट गाळात चिकटून बसला होता. फ्लोटला वगळून पंप हाताने चालू करायचा वेगळा स्विच तिथे नव्हता. पंपाच्या मोटरमधून त्यासाठीची तिसरी वायर निघते, पण आपल्या फिटरने ती टेपने गुंडाळून तशीच ठेवली होती. मग बालदी, मोबाईलवरून आरडाओरडा आणि शेजारच्या होडीवरचा डिझेलचा पंप. सहा वाजता बूड दिसले. तोवर स्टार्टर आणि आल्टरनेटर पाण्याखाली जाऊन आले होते आणि गिअर बॉक्समध्ये पाणी शिरले होते.

आपण लिहिता की, 'नौकेच्या तळाशी पाणी साचणे हेच मुळात देखभालीतील त्रुटीचे लक्षण आहे.' हे वाक्य आमच्या तांडेलांना वाचून दाखवले. ते हसले नाहीत, उलट विचारले, "ह्यांनी होडी बघितलीय का कधी?"

बुडात पाणी नाही अशी इंजिनाची होडी नसते. पंखा फिरवणारा शाफ्ट जिथून बाहेर जातो तिथे पाणी रोखणाऱ्या ग्लँडमध्ये दोरी भरलेली असते. चालत्या शाफ्टला ती घासते, तिला थंडावा लागतो, म्हणून मिनिटाला आठ-दहा थेंब गळू द्यावे लागतात. ग्लँडला घाम फुटला पाहिजे, धार लागता कामा नये, हे तांडेलांचे माप. थेंबही नको म्हणून नट आवळत गेलात तर दोरी जळते आणि शाफ्टला चर पडतो. एवढ्या गळतीचे दिवसाला लिटरभरही पाणी होत नाही. त्याहून किती तरी जास्त पाणी बर्फाचे असते. टनभर बर्फ वितळला की हजार लिटर पाणी कुठे तरी जाणारच, आणि आमच्या बर्फाच्या खणाचा निचरा बुडातच आहे. शिवाय जाळ्याचे पाणी, फळी धुतल्याचे पाणी, अवकाळी पाऊस.

माझ्या वडिलांची होडी निव्वळ लाकडी होती. पावसाळ्यानंतर ती पाण्यात उतरवली की पहिले दोन-तीन दिवस माणूस डबा घेऊन बसलेलाच. लाकूड फुगून फटी मिटल्या की गळती आपोआप कमी व्हायची. पाणी आले याची वडिलांना चिंता नसे, ते कुठले आले हे मात्र ते पाहायचे. बोट बुडवून जिभेला लावायचे. गोडे असेल तर बर्फ नाही तर पाऊस. खारे असेल तर ग्लँड, सुकाणूची भोके किंवा फट. खारे आणि कोमट असेल तर इंजिन थंड करणारी नळी फुटली. आता बुडात डिझेलचा तवंग असतो, त्यामुळे ही परीक्षा कोणाला सुचवणार नाही. 18 तारखेला मी केली. पाणी खारट होते, आणि थंड.

ग्लँड पाहिली तर घाम होता, धार नव्हती. सुकाणू कोरडे. मग आपल्या पंपाची नळी पंपाच्या बाजूने सोडवली आणि तिच्यातून समुद्र आत येऊ लागला. पाणी काढायला लावलेल्या नळीतूनच रात्रभर पाणी आत येत होते.

कारण सरळ आहे. नळीचे बाहेरचे तोंड आपल्या फिटरने मागच्या बाजूला, पाण्याच्या रेघेपासून जेमतेम चार बोटे वर काढले. त्या दिवशी होडी रिकामी होती. बर्फ, डिझेल आणि जाळी भरली की मागची बाजू बसते आणि ते तोंड पाण्याखाली जाते. भोक आणखी वर घ्यायला हवे होते आणि नळीला आतून पाण्याच्या रेघेच्या बऱ्याच वर कमान द्यायला हवी होती, म्हणजे तोंड बुडाले तरी पाणी कमान चढून आत येत नाही. त्याऐवजी नळी सरळ नेऊन मध्ये पाणी उलटे येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाकला. त्या व्हॉल्व्हच्या झडपेत खवला अडकला आणि ती अर्धवट उघडी राहिली. सुटलेल्या नळीखाली आम्ही 20 लिटरची बालदी धरली, ती दोन मिनिटांत भरली. रात्री दहा ते साडेतीन म्हणजे साडेपाच तास. मिनिटाला दहा लिटर धरले तर 3,300 लिटर होतात, सव्वातीन टनांच्या वर.

टनभर बर्फ खणात बसून राहतो. टनभर पाणी होडी झुकेल तिकडे धावते आणि तिला आणखी झुकवते. त्यात होडी जितकी बसेल तितके नळीचे तोंड खोल, तितका पाण्याचा जोर जास्त. त्या रात्री वारा पडला होता म्हणून निभावले.

आता मेन स्विचबद्दल. आपण म्हणता, ग्राहकाने वीजपुरवठा बंद ठेवला. स्वयंचलित पंपाची गरज कोणी होडीवर जागे नसते तेव्हाच असते, आणि तेव्हाच मेन स्विच बंद असतो. म्हणून फ्लोटची वायर मेन स्विचच्या आधी, थेट बॅटरीवरून, मध्ये फ्यूज टाकून घ्यायची असते. आपल्या फिटरने ती मेन स्विचच्या पुढून घेतली. आपल्या पत्रकावर 'रात्री निवांत झोपा' असे छापले आहे. मेन स्विच चालू ठेवून झोपा, असे कुठेही छापलेले नाही.

पंप आपल्याकडे पाठवण्याआधी 19 ऑक्टोबरला मी त्याची मोजणी केली. तिचा आपल्या उत्तरात उल्लेखही नाही, म्हणून पुन्हा देतो. मोटरला थेट वीज देऊन, ड्रममध्ये ठेवून, नळी न जोडता पंप चालवला, तर 20 लिटरची बालदी 10 सेकंदांत भरली, म्हणजे तासाला 7,200 लिटर. खोक्यावरच्या 2000 गॅलनशी हे जवळपास जुळते, कारण तो गॅलन अमेरिकन, 3.785 लिटरचा. पण आपल्या मराठी पत्रकात 'ताशी 9,000 लिटर' लिहिले आहे. तो हिशेब ब्रिटिश गॅलनचा, 4.546 लिटरचा. पत्रक छापताना दीड हजार लिटर कुठून आले, ते आपणच शोधावे.

होडीत बसवलेल्या स्थितीत तीच बालदी भरायला 19 सेकंद लागले. म्हणजे तासाला 3,800 लिटर. पाणी मीटरभर वर चढवायचे, नळी आतून वळ्यावळ्यांची, वाटेत व्हॉल्व्ह, आणि वायर दीड चौरस मिलिमीटरची, बॅटरीपासून सात मीटर लांब. बॅटरीवर 12.2 व्होल्ट होते, चालत्या पंपाच्या टोकाला 10.8. फक्त वायर बदलून चार चौरस मिलिमीटरची लावली तर बालदी 15 सेकंदांत भरली. चार पैसे वाचवायला संचात बारीक वायर दिली, की फिटरने जाड वायर काढून घेतली, हे मला माहीत नाही आणि ते माझे कामही नाही. होडीच्या तळाला एक इंचाचे भोक पडले तर मिनिटाला साधारण 45 ते 70 लिटर पाणी आत येते, भोक किती खोल त्यावर अवलंबून. आपला पंप होडीत मिनिटाला 63 लिटर काढत होता. नऊ हजाराच्या भरवशावर समुद्रात गेलेल्या माणसाला हा फरक कळायला हवा.

आपला शेवटचा मुद्दा, 'व्यावसायिक वापर असल्याने आपण ग्राहक या व्याख्येत बसत नाही.' ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 मध्येच स्पष्टीकरण आहे की, स्वयंरोजगारातून केवळ आपली उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यावसायिक हेतूत धरली जात नाही. माझी होडी एकच आहे आणि मी स्वतः तिच्यावर जातो.

नुकसान असे : स्टार्टर आणि आल्टरनेटरचे काम 14,600 रुपये, इंजिन आणि गिअर बॉक्सचे तेल व फिल्टर 9,200 रुपये. वाया गेलेल्या बर्फाची पावती जोडली आहे. ऐन हंगामात सहा दिवस होडी उभी होती. तिचे मोल मी नोंदवहीच्या प्रतीतून दाखवले आहे, आपण घासाघीस करणार हे गृहीत धरून. संचाची आणि बसवणावळीची रक्कम पूर्ण परत हवी. नवा पंप नको. आम्ही दुसरा बसवला आहे. त्याला हाताचा वेगळा स्विच आहे, फ्लोटभोवती जाळीचा पिंजरा आहे आणि नळीला कमान आहे. इंजिनाखाली पत्र्याचा ट्रे ठेवला आहे, म्हणजे तेल बुडात उतरत नाही. पिंजरा दर खेपेनंतर धुतो. एवढी देखभाल आम्हाला जमते. आपल्या पत्रकात ती एका ओळीत सांगितली असती तर ऑगस्टपासूनच केली असती.

पैशांसाठी 30 दिवस थांबेन. त्यानंतर रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करेन.

एका गोष्टीला मात्र 30 दिवस नाहीत. त्याच फिटरने ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आमच्या बंदरात आणखी अकरा होड्यांवर हाच संच बसवला आहे. मी आणि तांडेलांनी त्यातल्या सात पाहिल्या. सातही होड्यांत वायर मेन स्विचच्या पुढून आहे, आणि पाच होड्यांच्या नळीचे तोंड भरल्यावर पाण्याखाली जाते. त्या पाच जणांना आम्ही सांगितले आहे. त्यांनी तूर्त नळीच्या तोंडात लाकडी खुंटी मारली आहे, म्हणजे पंप असून नसल्यासारखा. उरलेल्या चार होड्या आंजर्ल्याच्या खाडीत असतात, त्या आम्हाला पाहता आलेल्या नाहीत. आठ दिवसांत जाणता माणूस पाठवा, तो फिटर नको. येताना चार चौरस मिलिमीटरची वायर, गुळगुळीत नळी आणि फ्यूज घेऊन यावे. होडी भरलेली असताना पाहावी, रिकामी नव्हे. होड्या कधी बंदरात असतील ते आदल्या दिवशी फोनवर विचारल्यास सांगू.

आपला,
(सही)
नौकामालक

सोबत : संचाच्या आणि बसवणावळीच्या पावत्या, दुरुस्तीची बिले, बर्फाची पावती, नोंदवहीच्या सहा पानांच्या प्रती, नळीच्या तोंडाची दोन छायाचित्रे (रिकामी होडी, भरलेली होडी), आपले मराठी पत्रक, आणि आपण पाठवलेली खवल्यांची पिशवी. लेबल दुरुस्त केले आहे.