पेटी नीट बांधलीत, त्याबद्दल

ताई, सप्रेम नमस्कार.

दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंतची वाचनालयं, शाळांच्या लॅब, काजू कारखान्यांची ऑफिसं आणि लेबलं छापणारी दुकानं, इथले संगणक जे सांभाळतात त्या आम्हा सगळ्यांचं हे पत्र. फोनवर दोन शब्दांत आभार मानता आले असते. पण मग तुम्ही नेमकं काय केलंत ते आमच्याबाहेर कुणाला कळलं नसतं, म्हणून हे उघड लिहितो आहोत.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांची नावं ‘अबाउट’च्या खिडकीत असतात. ते कुणाच्याही डेस्कटॉपवर एका कमांडीत उतरावं म्हणून पॅकेज बांधणाऱ्याचं नाव कुठे दिसत नाही. तुम्ही नेमकं हेच काम करता. आपल्याकडे तरी हे समजायला जड जाऊ नये. हापूस झाडावरून उतरवला म्हणजे वाशीला पोचला असं होत नाही. मधे वजनाप्रमाणे निवड आहे, पेंढा आहे, आणि पेटी कशी भरायची ते माहीत असलेला हात आहे.

आधी काय चालायचं ते सांगायला हवं. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा मोफत आधार संपला. विंडोज 11 न चालणाऱ्या किती तरी जुन्या मशीनवर विंडोजऐवजी डेबियन किंवा मिंट या मोफत लिनक्स प्रणाली आल्या. डेबियन 12 आलं जून 2023 मध्ये. त्यात चित्रं काढायचं इंकस्केप 1.2.2 आणि फोटो सुधारायचं गिम्प 2.10.34. स्थिर आवृत्तीचा नियमच असा, की एकदा गोठवलं की सुरक्षेच्या नि गंभीर चुकांच्या दुरुस्त्या तेवढ्या येतात, नवी आवृत्ती येत नाही. शाळेच्या लॅबला हे सोन्यासारखं आहे. पण कोकम सरबताच्या बाटलीचं लेबल मुंबईच्या डिझायनरने नव्या इंकस्केपमध्ये करून पाठवलं, की दुकानदाराला नवीनच हवं असतं. मग कुठून तरी डेब फाईल (डेबियनचं तयार पॅकेज) उतरवायची, डीपीकेजी या पॅकेज बसवणाऱ्या कमांडने घुसवायची, आणि ‘लिबएसएसएल 1.1 नाही’, म्हणजे लागणारी एक जुनी लायब्ररी नाही, म्हणून ती अर्धवट अडकायची. उबंटू या डेबियनवरच बांधलेल्या लिनक्समध्ये 22.04 पासून पुढे त्याच लायब्ररीची नवी आवृत्ती, ओपनएसएसएल 3, आहे, डेबियन 12 मध्येही तेच. जुनी लायब्ररी भांडारात (जिथून पॅकेजं उतरतात त्या अधिकृत साठ्यात) नाहीच, तर मिळणार कुठून? त्यावर कुणी उबंटूसाठीचा पीपीए, म्हणजे बाहेरचं वेगळं भांडार, डेबियनला जोडायचा. तिथून पुढे त्या मशीनचं प्रत्येक अपग्रेड म्हणजे गुंता.

तुमची पहिली सूचना एका ओळीची होती: डेब फाईल घालायचीच असेल तर डीपीकेजीने नको, ‘ॲप्ट इन्स्टॉल’ने घाला, आणि फाईलच्या नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ द्यायला विसरू नका. ते टिंब नसलं की ॲप्ट त्या नावाचं पॅकेज भांडारात शोधतो आणि ‘सापडत नाही’ म्हणतो. असलं की समोरचीच फाईल घेतो, तिला लागणाऱ्या लायब्रऱ्या भांडारातून आणतो, आणि त्या मिळणाऱ्या नसतील तर काहीही न मोडता आधीच नकार देतो. तो नकारच महत्त्वाचा. फोनवर सांगताना आम्ही आता ‘टिंब-रेघ’ एवढंच म्हणतो.

खरं काम त्याच्या पुढचं. तुम्ही जी पॅकेजं फ्लॅटपॅकमध्ये (कुठल्याही लिनक्सवर चालणाऱ्या पॅकेजच्या प्रकारात) बांधलीत, त्यांत ॲपला लागणारं बहुतेक सगळं एका सामायिक रनटाइममधून, म्हणजे लायब्रऱ्यांच्या संचातून, येतं आणि उरलेलं ॲपच्या पोटात असतं. खालचं डेबियन 12 असो की मिंट, ॲपला फरक पडत नाही. किंमत जागेची: पहिल्या ॲपबरोबर रनटाइम येतो तो काहीशे एमबीपासून जीबीच्या घरात जातो. दुसरं ॲप त्याच रनटाइमवर बांधलेलं असलं तर मात्र थोडक्यात येतं. जुना रनटाइम पडून राहिला की ‘अनइन्स्टॉल, डॅश-डॅश अनयूज्ड’. हे सगळं तुम्ही आधीच स्पष्ट सांगितलंत, 120 जीबीच्या एसएसडीवर काय बसेल याच्या हिशेबासकट.

लाइट जाते तेव्हाचा फायदा मात्र आम्हाला वापरल्यावरच कळला. पावसाळ्यात दिवसाला तीनदा लाइट जाणाऱ्या गावात डेब बसवताना मधेच अंधार झाला, की डीपीकेजी अर्ध्यावर राहतो आणि ‘कन्फिगर, डॅश ए’ चालवून सावरावं लागतं. फ्लॅटपॅक नवी आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये पूर्ण उतरवतो आणि शेवटी ‘ॲक्टिव्ह’ नावाचा दुवा तिकडे वळवतो. मधे लाइट गेली तर जुनी आवृत्ती तशीच चालते, आणि उतरलेला माल पुन्हा ओढावा लागत नाही. यूपीएसची बॅटरी कधीच मेलेल्या लॅबमध्ये याची किंमत काय, ते आम्हीच जाणतो.

आता पेन ड्राइव्ह. तुमचे सगळ्यात जास्त आभार याचे. इंटरनेट असलेल्या एका मशीनवर ॲप बसवायचं आणि ‘फ्लॅटपॅक क्रिएट-यूएसबी’ला पेन ड्राइव्हचा मार्ग नि ॲपचं नाव द्यायचं, की रनटाइमसकट सगळं ड्राइव्हवर जातं. मग नेट नसलेल्या मशीनवर ‘इन्स्टॉल’ला ‘साइडलोड-रेपो’ जोडून ते उतरवायचं. ऐकायला सोपं आहे. अडतं कुठे कुठे, ते तुम्ही एकेक करून लिहून दिलंत, म्हणून ते सोपं झालं.

पहिली अडचण कलेक्शन आयडीची, म्हणजे भांडाराच्या ओळखनावाची. तो दोन्ही मशीनवर फ्लॅटहबला, म्हणजे फ्लॅटपॅक ॲपांच्या भांडाराला, जोडलेला हवा, ‘रिमोट-मॉडिफाय’ने: ऑर्ग, फ्लॅटहब, स्टेबल, मधे टिंबं, आणि स्टेबलचा एस मोठा. लहान एस टाइप केला की नाव जुळत नाही आणि पेन ड्राइव्ह समोर असूनही ॲप नेटवरच शोधलं जातं. नेट नसलेल्या मशीनला फ्लॅटहब माहीत नसू शकतो, म्हणून त्याची रेपो-फाईलही ड्राइव्हवर ठेवायची. त्या फाईलमध्येच सहीची चावी असते. ड्राइव्ह दहा हातांतून फिरून आला तरी त्यावरचा माल त्या सहीशी ताडूनच आत घेतला जातो. देवगडच्या पेटीत परराज्यातला आंबा भरून विकतात, तसं इथे चालत नाही.

दुसरी, भाषेची. ही तुम्ही शोधली नसतीत तर आम्ही अजून चाचपडत असतो. फ्लॅटपॅक भाषांच्या फायली सगळ्या उतरवत नाही, त्या मशीनच्या भाषेपुरत्याच उतरवतो. नेटवालं मशीन इंग्रजीत आणि शाळेचं मराठीत असलं, की ड्राइव्हवर भाषेचा तुकडा अपुरा जातो. ‘क्रिएट-यूएसबी’ तेव्हा ‘पार्शल’ अशी तक्रार करतो, आणि आम्ही ती वाचतच नव्हतो. उपाय: नेटवाल्या मशीनवर ‘फ्लॅटपॅक कॉन्फिग’ने ‘लँग्वेजेस’मध्ये एन आणि एमआर, मधे अर्धविराम देऊन लिहायचं, मग ‘अपडेट’ चालवायचं आणि त्यानंतरच ड्राइव्ह भरायचा. तो मजकूर अवतरणचिन्हांत हवा. नाहीतर टर्मिनल अर्धविरामावर कमांड तोडतं आणि एमआर ही वेगळीच कमांड समजून ‘अशी कमांड नाही’ म्हणतं.

तिसरी हसण्यासारखी आहे, पण तिने सगळ्यात जास्त नुकसान केलं. माल जातो तो ‘.ऑस्ट्री’ नावाच्या फोल्डरमध्ये. नावाआधी टिंब, म्हणजे लपलेलं फोल्डर. फाईल मॅनेजरमध्ये ड्राइव्ह रिकामा दिसतो, आणि रिकामा दिसणारा ड्राइव्ह कुणीतरी फॉरमॅट करतोच. तुम्ही सुचवल्याप्रमाणे आता प्रत्येक ड्राइव्हवर ‘रिकामा नाही, कंट्रोल-एच दाबा’ नावाची एक मजकूर फाईल असते आणि वर पांढऱ्या टेपवर भरल्याची तारीख. ड्राइव्ह काढायच्या आधी ‘सिंक’ ही कमांड द्यायची. हजारो बारीक फायली असतात. स्क्रीनवर काम संपलं असं दिसलं तरी ड्राइव्हवर लिहिणं चालू असतं.

आणि घड्याळ. मे महिन्याच्या सुट्टीत लॅबचा मेन स्विच बंद असतो. मदरबोर्डवरची सीआर2032 बॅटरी तेव्हा एकटीच घड्याळ चालवते. जुनी असेल तर जूनपर्यंत संपते आणि मशीन कुठल्या तरी जुन्या वर्षात उघडतं. मग ॲप्ट म्हणतो ‘रिलीज फाईल अजून लागू झालेली नाही’, ब्राउझर म्हणतो प्रमाणपत्र चुकीचं, आणि लोक म्हणतात लिनक्सच बिघडलं. तुमच्या कागदावर पहिली पायरी ‘तारीख बघा’ अशी आहे. पॅकेजिंगच्या कागदावर नाण्याएवढ्या बॅटरीचा नंबर लिहिणारं दुसरं कुणी आम्हाला तरी भेटलेलं नाही.

एका बाबतीत आमचं तुमच्याशी थोडं वाजलं होतं, तेही इथे लिहितो. एका ॲपला तुम्ही सगळं होम फोल्डर (वापरणाऱ्याच्या सगळ्या फायली) दिसू दिलं नाहीत. निवडलेली फाईल तेवढी पोर्टलमधून, म्हणजे फाईल निवडायच्या खिडकीतून, आत. परिणाम असा की फाईल उघडायची, पण तिच्यात लिंक करून ठेवलेली चित्रं रिकाम्या चौकटी होऊन दिसायची, कारण शेजारच्या फायली ॲपला दिसतच नव्हत्या. दुकानदार वैतागले, आम्हीही. तुमचं उत्तर होतं: परवानगी पॅकेजमध्ये सरसकट ढिली केली तर ती ते बसवणाऱ्या प्रत्येकाच्या मशीनवर ढिली होते. ज्याला गरज आहे त्याने आपल्यापुरती, एका फोल्डरपुरती द्यावी. ‘फ्लॅटपॅक ओव्हरराइड’ने फक्त लेबलांचं फोल्डर दाखवा, वाचण्यापुरतं पुरत असेल तर शेवटी ‘आरओ’ लावा, आणि गडबड झाली तर ‘रिसेट’. टर्मिनलची भीती असणाऱ्यांना फ्लॅटसील, हेच काम खिडकीतून करणारं ॲप. तेव्हा पटलं नव्हतं, आता पटलंय. कुठलीशी स्क्रिप्ट नेटवरून ओढून न वाचता थेट सुडोच्या, म्हणजे पूर्ण अधिकाराच्या, हवाली करायची सवय लागलेल्या आमच्यासारख्यांना ही शिस्त जरा कडूच लागायची.

ॲपइमेजबद्दल थोडक्यात, कारण तिथे फार अडलं नाही. एकच फाईल, चालवायची परवानगी द्यायची, झालं. अडलं ते दोन ठिकाणी. उबंटू 22.04 पासून ॲपइमेजला लागणारी फ्यूजची जुनी लायब्ररी आपोआप येत नाही. ‘लिबफ्यूज2’ घालावं लागतं, आणि 24.04 वर त्याच पॅकेजच्या नावाला टी64 ही शेपटी आहे. दुसरं, फॅट32 पेन ड्राइव्हवरूनच फाईल चालवायचा हट्ट. तिथे परवानगीची खूण टिकत नाही, कितीदाही टिकमार्क करा. आधी होममध्ये कॉपी करायची.

मराठी नावांचे आभार वेगळे. डेस्कटॉप फाईलमध्ये नाव, वर्णन आणि शोधशब्द मराठीत भरलेत, म्हणून मराठी डेस्कटॉपवर मेन्यूत ‘चित्र’ टाइप केलं की ॲप समोर येतं. पाचवीच्या मुलाला ‘व्हेक्टर ग्राफिक्स एडिटर’ शोधावं लागत नाही. शिवाय हे मराठी तुम्ही नुसतं पॅकेजमध्ये चिकटवून ठेवलं नाहीत, मूळ प्रकल्पाकडे पाठवलंत. त्यामुळे पुढच्या आवृत्तीत ते टिकलं, आणि डेब घेणाऱ्यांनाही मिळालं. फॉन्टचंही तसंच: नवा देवनागरी फॉन्ट होममधल्या ‘.लोकल’, ‘शेअर’, ‘फॉन्ट्स’ या वाटेवर ठेवा म्हणालात, तेव्हापासून फ्लॅटपॅक ॲपमध्ये जोडाक्षरांच्या जागी चौकोन दिसल्याची तक्रार आली नाही.

जिथे जमणार नव्हतं तिथे तुम्ही तसं स्पष्ट सांगितलंत. ‘यूनेम, डॅश एम’ला ‘आय686’ असं उत्तर देणाऱ्या 32 बिट मशीनसाठी फ्लॅटहबवर ॲपं मिळत नाहीत. तिथे डेबियनचं जे आहे ते वापरा, नाहीतर मशीन टंकलेखनाच्या सरावाला ठेवा. दोन जीबी रॅमवर नवीन गिम्पचा आग्रह धरू नका, हेही.

मृग लागायच्या आधी, मे अखेरीस, पेन ड्राइव्हचा संच नव्याने भरायचा असं ठरलं आहे. केबल तुटायला लागली की मोठं अपडेट ओढणं होत नाही. फ्रीडेस्कटॉपच्या रनटाइमच्या आवृत्तीतच वर्ष-महिना असतो, 24.08 म्हणजे ऑगस्ट 2024, आणि दोन वर्षांनी त्याचा आधार संपतो. ॲप चालत राहतं, पण दुरुस्त्या थांबतात. त्यामुळे या वेळी प्रत्येक ड्राइव्हवरच्या टेपवर भरल्याच्या तारखेखाली रनटाइमचा आकडाही लिहितो आहोत. तुमच्या कागदाच्या प्रती लॅमिनेट करून प्रत्येक लॅबच्या दारामागे लावल्या आहेत. ओल आली तरी वाचता येतात.

आपले,
किनाऱ्यावरचे संगणकवाले