रविवारच्या हिप्परगा पायवाटेबाबत सूचना

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी ६ वाजता तुळजापूर नाक्यावर जमायचं आहे. ६.१० नंतर कोणासाठीही थांबणार नाही, मागच्या वेळी अर्धा तास वाया गेला.

परतीच्या पावसाने हिप्परगा तलावाच्या काठाची वाट अजून ओली आहे. आपली काळी माती बुटाला चिकटली की एकेक पाय किलोभर जड होतो, आणि त्याच चिखलात बाभळीचे काटे दबून बसलेले असतात. म्हणून जाड तळव्याचे बूट घाला, चपला नकोत.

शाळूची पेरणी झाली आहे, कोवळे कोंब वर आलेत. बांधावरूनच, एकामागे एक चालायचं. मागच्या महिन्यात रानातून ‘शॉर्टकट’ मारल्याबद्दल मालकाने आपल्याला चांगलंच सुनावलं, आणि त्यांचं बरोबरच होतं. नॉर्वेला मुलीकडे राहून आलेल्या आपल्या एका काकू सांगतात, तिथे स्कीसाठी बर्फात दोन समांतर चर पाडलेले असतात, त्यात कोणी बूट घालून चाललं तर लोक थेट टोकतात. आपले चर म्हणजे शेतकऱ्याच्या पेरणीचे तास (ओळी), एवढं समजा.

चक्रवाक पक्षी आले असतील तर लांबूनच बघा, फोटोसाठी पाण्यापर्यंत जाऊ नका.

नान्नजच्या माळढोक अभयारण्याची (स्थापना १९७९) फेरी वनखात्याची परवानगी मिळाल्यावरच ठरेल.

पाणी आपापलं आणा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी गटाकडून आहे, संख्या शुक्रवारपर्यंत कळवा.

– संयोजक