टेबलावरचा की पाठीवरचा?

ती. बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

धाकटीला लॅपटॉप हवा, तुम्हाला डेस्कटॉप, आणि निकाल माझ्यावर टाकलात. फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता, म्हणून लिहून पाठवतोय. तिलाही वाचायला द्या, म्हणजे मी एकट्या तुमचे कान भरले असं व्हायला नको.

आधी तिला विचारा की हे यंत्र खरोखर किती वेळा घराबाहेर जाणार आहे. ‘कधी न्यावं लागलं तर’ हे उत्तर धरायचं नाही. तेवढ्यासाठी पेनड्राइव्ह पुरतो. रोज वर्गात उघडून त्यावरच काम करायचं असेल, तर मात्र वाद मिटला, लॅपटॉप घ्या. पण तिच्या बोलण्यावरून मला वाटतं की थ्रीडी मॉडेलं आणि रेंडरिंगचं (म्हणजे मॉडेलावरून कॉम्प्युटरकडून पूर्ण चित्र तयार करून घ्यायचं) खरं काम रात्री घरी, टेबलापाशीच होणार.

आणि तिथेच लॅपटॉपची पंचाईत होते. ती म्हणते, “दोन्हीत प्रोसेसर तोच आहे.” नाव सारखं असतं, खुराक नसतो. हलक्या लॅपटॉपचा प्रोसेसर साधारण १५ ते २८ वॅटवर चालवायला बनवलेला असतो, जाडजूड लॅपटॉपचा ४५ ते ५५ वॅटवर. डेस्कटॉपच्या नेहमीच्या प्रोसेसरचा हाच आकडा ६५ ते १२५ असतो. थोडा वेळ लॅपटॉपही याहून जास्त वीज ओढून पळतो, पण त्या चपट्या डब्यातून उष्णता बाहेर टाकायला जागाच नसते. तापमान वाढलं की तो आपणहून वेग कमी करतो. पत्र टाइप करताना हे जाणवणारही नाही. तासभर चालणाऱ्या रेंडरमध्ये चांगलंच जाणवतं.

ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत तर ही नावांची सरळसरळ फसवणूक आहे, असं माझं मत. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९० बघा. डेस्कटॉपच्या कार्डावर २४ जीबी मेमरी, लॅपटॉपमधल्यावर १६ जीबी, आणि आतली चिपसुद्धा वेगळी, लहान. एवढं महागाचं कार्ड आपल्याला घ्यायचंच नाहीये, पण खालच्या दर्जाच्या कार्डांतही नुसत्या नावावर जाऊ नका.

दुरुस्तीबद्दल तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. इंटेलने १९९५ साली एटीएक्स नावाचं माप ठरवलं. मदरबोर्डाच्या, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडतात त्या मुख्य बोर्डाच्या, स्क्रूची भोकं कुठे, वीज कुठून येणार, सगळं त्यात आलं. त्या मापाच्या कॅबिनेटमध्ये आजही नवा बोर्ड बसतो. पॉवर सप्लाय गेला तर तेवढाच बदलायचा, रॅम कमी पडली तर आणखी एक पट्टी लावायची. लॅपटॉपमध्ये एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची डिस्क, बहुधा बदलता येते, पण पातळ मॉडेलांत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते. शेवटी लॅपटॉपच घ्यायचं ठरलं, तर दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारा. आणि चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती चालू ठेवा. सतत पूर्ण भरलेली राहिली की बॅटरी लवकर थकते.

तिच्या बाजूनेही बोलतो. लॅपटॉपला वीज बरीच कमी लागते, आणि घरची वीज गेली तरी काम अडत नाही. डेस्कटॉपला यूपीएस घ्यावाच लागेल, तोही फाइल सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यापुरताच. कॅमेरा, माइक, स्पीकर वेगळे, आणि काही मदरबोर्डांवर वायफायसुद्धा नसतं. खर्चाचा हिशेब मांडताना हे सगळं धरा, नाहीतर नुसत्या कॅबिनेटची किंमत बघून खूश व्हाल. मॉनिटरवर मात्र पैसे वाचवू नका. त्याची वरची कड साधारण डोळ्यांच्या रेषेत यायला हवी. लॅपटॉपमध्ये स्क्रीन वर उचलावी तर कीबोर्डही वर येतो, म्हणून माणूस मान खाली घालून बसतो.

खरेदीतली एक बारीक गोष्ट: इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर त्यात अंगचं ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड लावल्याशिवाय मॉनिटरवर काहीच दिसणार नाही.

तेव्हा माझं मत डेस्कटॉपला. बाहेर नेण्यासाठी माझा जुना लॅपटॉप कपाटात पडलाय, तो तिला द्या. त्यावर विंडोज १० आहे आणि मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय त्यात नाही. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली टाकता येईल, नोट्स काढायला तेवढं पुरतं. रविवारी व्हिडिओ कॉलवर मी तिच्याकडूनच करून घेतो. त्याआधी दुकानदाराकडून भागांची यादी लिहून घ्या आणि फोटो पाठवा. मी बघितल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.

आईला नमस्कार. धाकटीला सांगा, रुसली असेल तर मला फोन कर, बाबांशी भांडू नकोस.

आपला,
थोरला